धोतराच्या गाठीपासून हिस्टोनपर्यंत

कळंब्यात कुणी 'टाटाला नेलंय' म्हणालं, की आजार कोणता हे विचारावं लागत नाही. रात्री कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी दादर, तिथून परळ ही वाट आपल्याकडच्या कितीतरी घरांनी तुडवली आहे. त्या रुग्णालयाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेची वाटचाल मात्र फारशी कुणी सांगत नाही.

टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. काचपट्टीवरच्या गाठीपाशी थांबणारा हा माणूस नव्हता. ती गाठ ज्याच्या अंगातून आली तो काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, हेही ते विचारत. १९४५ साली त्यांनी आणि सहकारी सूर्याबाईंनी भारतातल्या चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. चुट्ट्याचं, म्हणजे गावठी चिरुटाचं, पेटतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोग त्यात होता, आणि घट्ट नेसलेलं धोतर कमरेला वर्षानुवर्षं काचल्याने होणाराही. सवय पेशीत उतरते, हे त्यांनी दाखवलं. कशी उतरते, हे सांगायची साधनं तेव्हा जगात कुणाकडेच नव्हती.

१९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झालं. पहिले संचालक अर्थात खानोलकर. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी तिथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि कर्कपेशी शरीराबाहेर वाढवून अभ्यासता येऊ लागल्या. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र टाटा मेमोरियल सेंटर म्हणून एकत्र आले.

दरम्यान 'कशी'चं उत्तर बाहेर आकार घेत होतं. १९८३ मध्ये अमेरिकेत फाइनबर्ग आणि व्होगलस्टाइन यांना दिसलं, की आतड्याच्या गाठीत काही जनुकांवरच्या मिथाइल या रासायनिक खुणा निरोगी पेशींपेक्षा कमी असतात. पुढे उलटंही आढळलं: काही जनुकांवर या खुणांची गर्दी होते आणि ती मुकी होतात. डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. डीएनए मिथाइलट्रान्सफरेज ही विकरं (एन्झाइम) डीएनएवर मिथाइल खुणा चढवतात. हिस्टोन डीअॅसिटिलेज हिस्टोनवरच्या अॅसिटिल खुणा काढून गुंडाळी घट्ट करतात, अॅसिटिलट्रान्सफरेज ती सैल करतात. जनुकातलं अक्षर एकही बदलत नाही, तरी वाचन बदलतं. मोठ्या आतड्यात याचं ठळक उदाहरण एमएलएच१. डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारं हे जनुक मिथाइलने बंद पडलं, की चुका साचत जातात. १९९५ मध्ये आतड्यात गाठी होणाऱ्या उंदरांमध्ये मिथाइल चढवणारं विकर कमी केलं, तर गाठीही कमी झाल्या. म्हणजे विकराचा यात हात आहे, ते नुसतं साक्षीदार नाही.

२००२ मध्ये संशोधनाचा संसार परळहून खारघरला गेला, अॅक्ट्रेक या नावाने. तिथे संजय गुप्ता यांच्या प्रयोगशाळेने हिस्टोन हाच विषय धरला. त्यांचं महत्त्वाचं काम जठराच्या कर्करोगावर आहे: डीअॅसिटिलेज रोखणारं औषध आधी देऊन गुंडाळी सैल केली, तर डीएनएवर घाव घालणारी केमोची औषधं अधिक परिणामकारक ठरतात, असं २०२० मध्ये त्यांनी मांडलं. मोठ्या आतड्याचा धागा पुण्यातून जुळला. संजीव गलांडे यांच्या गटाने २००६ मध्येच दाखवलं होतं, की एसएटीबी१ हे प्रथिन फॉस्फेट लागलेलं असताना डीअॅसिटिलेजला जवळ करतं, नसताना अॅसिटिल चढवणाऱ्या विकराला. २०१६ मध्ये त्याच गटाने, अॅक्ट्रेकच्या रीता मुल्हेरकरांसह, हे प्रथिन मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला बळ देतं असं दाखवलं. आतड्याच्या बहुतेक गाठींत बेलगाम झालेला विंट संकेतमार्ग एसएटीबी१ वाढवतो आणि एसएटीबी१ उलट त्या मार्गालाच जोर देतं.

या सगळ्यातून रुग्णाच्या हाती लगेच गोळी पडेल, असं कुणी सांगितलं तर सावध राहावं. डीअॅसिटिलेज रोखणारी औषधं काही लिम्फोमांत वापरात आली. आतड्याच्या घन गाठींत त्यांना तसं यश आलेलं नाही; तीच विकरं निरोगी पेशींनाही लागतात, ही एक अडचण. निदानात मात्र पाऊल पुढे पडलं आहे: शौचातल्या डीएनएवरच्या मिथाइल खुणा शोधणारी चाचणी अमेरिकेत २०१४ पासून मान्य आहे. आपल्याकडे शौचावाटे रक्त दिसलं तर अजून मूळव्याध म्हणून महिनोन्‌महिने औषध चालतं, आणि कोलोनोस्कोपी होईपर्यंत गाठ पुढे गेलेली असते.