फॅन आर्ट: चित्र तुमचं, पात्र कुणाचं?

आवडत्या कार्टून पात्राचं स्वतःच्या शैलीत काढलेलं चित्र म्हणजे फॅन आर्ट. सांताक्रूझच्या एखाद्या हौशी चित्रकाराने टॅबलेटवर डोरेमॉनला फेटा बांधला, तर रेषा त्याच्या. पात्र मात्र मूळ मालकाचंच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वापराला सूट आहे, म्हणजे घरी खुशाल काढा. इन्स्टाग्रामवर टाकलं की ते खासगी उरत नाही. कंपनीने कानाडोळा केला, तरी ती परवानगी नव्हे. स्टिकर, टी-शर्ट विकले तर नोटीस येऊ शकते. 'क्रेडिट टू ओनर' लिहून सुटका नाही. चुलबुल पांडेच्या वादात, २०१६ मध्ये, वेगळेपण असलेल्या पात्राला संरक्षण मिळू शकतं, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं. शैलीवर मात्र कुणाचीच मालकी नसते. त्याच हाताने स्वतःचं पात्र घडवलं, तर त्याचा कॉपीराइट चित्रकाराचाच, नोंदणी न करताही.