लेखापरीक्षकाचे त्रयस्थांप्रति दायित्व

ज्या संस्थेने हिशेबतपासणीस नेमले व मेहनताना दिला तिच्याखेरीज, प्रमाणित ताळेबंदावर विसंबून पैसा गुंतविणाऱ्या अन्य इसमांच्या हानीबद्दलही लेखापरीक्षकाने कायद्याने उत्तरदायी असणे. या इसमांशी त्याचा करार नसल्याने हे दायित्व मुख्यतः अपकृत्यविधीतून सिद्ध करावे लागते, आणि तेथे न्यायालयांचा हात आखडताच राहिला आहे. न्यूयॉर्कमधील अल्ट्रामेअर्स खटल्यात (१९३१) न्या. कार्डोझो यांनी निव्वळ निष्काळजीपणाबद्दल अगणित अनोळखी लोकांच्या भरपाईचा बोजा लादण्यास नकार दिला, कपटाला मात्र ही सवलत दिली नाही; इंग्लंडमध्ये अशा भरपाईची हेडली बर्न निर्णयाने (१९६३) मोकळी केलेली वाट कपॅरो निर्णयाने (१९९०) पुन्हा अरुंद केली.

भारतात कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १४७ अन्वये दोषी ठरलेल्या लेखापरीक्षकास कंपनीचे सभासद व धनको यांनाही नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि कलम २४५ अन्वये ठेवीदारही सामूहिक दावा लावू शकतात. परंतु पुण्यासारख्या शहरात, जेथे मध्यमवर्गीयाची निवृत्तीनंतरची पुंजी पिढ्यान्‌पिढ्या नागरी सहकारी बँकांत राहत आली, तेथे हा अधिनियम उपयोगी पडत नाही. राज्याच्या कायद्याखाली नोंदलेल्या अशा बँकांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. त्याच्या कलम ८१(५ब) प्रमाणे हिशेबांत गुन्हा आढळल्यास लेखापरीक्षकाने अहवाल सादर केल्यापासून पंधरा दिवसांत सहकारी संस्थांच्या निबंधकास विशेष अहवाल द्यावयाचा, व त्याच्या लेखी परवानगीने फिर्याद नोंदवावयाची असते. कसूर केल्यास लेखापरीक्षकांच्या नामतालिकेतून त्याचे नाव कमी होऊ शकते. हे कर्तव्य निबंधकाप्रति आहे. ज्याची ठेव बुडते त्याचा त्यात नामोल्लेखही नाही, ही या रचनेतील गंभीर उणीव होय.

पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेच्या प्रकरणात लेखापरीक्षणातून कर्जवाटपातील गैरव्यवहार पुढे आल्यावर एका भागधारकाने फिर्याद दिली. अशी फिर्याद लेखापरीक्षक वा निबंधक यांनीच द्यावयाची, असे मानून मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. २५ जुलै २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला : कलम ८१(५ब) लेखापरीक्षकावर कर्तव्य लादते, इतरांचा फौजदारी कायद्याचा दरवाजा बंद करीत नाही. तत्पूर्वीच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, रिझर्व्ह बँकेने बँकेचा परवाना रद्द केला होता.

या निर्णयाने अपहार करणाऱ्यांविरुद्धचा मार्ग खुला झाला, तथापि निष्काळजी लेखापरीक्षकाकडून ठेवीदारास भरपाई मिळण्याचा प्रश्न त्याने सोडविलेला नाही. ५ लाख रुपयांच्या ठेवविम्यापलीकडील रकमेसाठी त्यास अवसायकाच्या वसुलीचीच वाट पाहावी लागते. म्हणून कंपनीच्या ठेवीदारास दिलेला सामूहिक दाव्याचा हक्क सहकारी बँकेच्या ठेवीदारासही मिळणे न्याय्य ठरेल.