सासऱ्यांचं सागवानी कपाट

सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास म्हटलं की नोंदणी, पाण्याची लाइन, कमिट्या, सभा हे सगळं आठवतं. ते इतर सभासद लिहितीलच. मी आमच्या तळमजल्यावरच्या घरातल्या एका कपाटाची हकिगत सांगते. आपल्यातल्या बऱ्याच घरांचा इतिहास त्यात सापडेल.

हे कपाट आजेसासऱ्यांनी लालबागच्या चाळीत सुताराकडून करून घेतलं. लाकूड सागाचं. मुंबईत सागाची कदर फार जुनी. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने इथल्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. त्यातलं 1817 साली पाण्यात सोडलेलं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये आजही तरंगतंय! सागात अंगचंच तेल असतं, म्हणून तो पाण्याला आणि वाळवीला सहजी दाद देत नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सासऱ्यांची नोकरी गेली. घरातली पितळी भांडी विकली गेली, कपाट राहिलं. पुढे गिरणगावातली कितीतरी कुटुंबं कल्याणच्या पुढे सरकली, तसे आम्हीही चामटोलीला आलो. कपाट टेम्पोतून उतरलं तेव्हा मीच म्हटलं होतं, “नव्या फ्लॅटमध्ये हे जुनाट धूड कशाला?” हप्त्यावर नवा वॉर्डरोब आणला आणि कपाट मागच्या खोलीत गेलं.

मग 27 जुलै 2019 उजाडला. उल्हास नदीच्या पुरात आपल्या चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, हे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. वरच्या मजल्यावरच्यांनी आम्हाला ठेवून घेतलं, ते उपकार विसरणार नाही.

पाणी ओसरल्यावर पाहिलं तर भुशाच्या बोर्डाचा वॉर्डरोब पावासारखा फुगला होता. सागवानी कपाटाचे सांधे सुटून ते एका बाजूला कललं होतं. मी दोन्ही भंगारात द्यायला निघाले. तेवढ्यात शेजारचे सुतारकाका म्हणाले, “वहिनी, थांबा. कपाट सुटलंय, मेलं नाही.”

जुने सुतार सरस वापरत. सरस पाण्याने विरघळतो, म्हणून सांधे सुटले. पण लाकूड फाटलं नाही. काकांनी एकेक फळी मोकळी केली. प्रत्येक कुसवावर आणि त्याच्या खाचेवर पटाशीने खुणा केलेल्या: एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. कोणता तुकडा कुठे बसवायचा, हे त्या लालबागच्या सुताराने लिहूनच ठेवलं होतं!

चिखल ओला असतानाच पुसला. फळ्या पार्किंगमध्ये विटांवर, वारा खेळेल अशा, सावलीत ठेवल्या. उन्हात ठेवल्या असत्या तर पिळल्या असत्या. तीन आठवडे आल्यागेल्याने त्या उलटून ठेवल्या. मग सांधे खरवडून, नवा सरस लावून, दोरीने आवळून कपाट उभं केलं. पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासायचा, आडवा नाही. पाव किलो चपडा लाख लिटरभर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून, गाळून, मलमलीच्या बोळ्याने पातळ हात दिले. एक हात वाळला की दुसरा. घाई केली की डाग पडतो, हे मी एका दारावर चूक करून शिकले.

सासरे तेव्हा खाटेवरच असायचे. कपाट उभं राहिल्यावर त्यांनी दाराची कडी दोनदा लावून पाहिली आणि म्हणाले, “आवाज तोच आहे.” पुढच्या वर्षी ते गेले.

पाण्याची रेघ खालच्या फळीवर अजून पुसट दिसते. काका ती घासून काढणार होते, मी नको म्हटलं. तुमच्याकडेही माळ्यावर एखादी खुर्ची, पाट, पेटी पडली असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिचे सांधे एकदा बघा. अडलंच तर आमच्या दाराची बेल वाजवा. चपडा अजून शिल्लक आहे.