शांत हृदय, कोरडे डोळे

गेथशेमनी बागेतील त्या रात्रीचे वर्णन करताना चार शुभवर्तमानकारांपैकी एकट्या संत लूकने प्रभूच्या घामाचा उल्लेख केला आहे. लूक हा वैद्य होता, ही परंपरा आपणांस ठाऊक आहेच. मनाची व्यथा शरीरावर कशी उमटते, हे वैद्याच्या नजरेतून सुटले नसावे. चिंता मनात असते, पण छाती धडधडते, हात थरथरतात आणि अंगाला घाम फुटतो, हा अनुभव लहानथोर सर्वांचाच आहे. ही शारीरिक लक्षणे शमविण्यासाठी बीटा-ब्लॉकर नावाच्या वर्गातील गोळ्या गेली सुमारे साठ वर्षे दिल्या जात आहेत. त्या गोळ्यांचा, आणि विशेषतः त्यांच्या दुष्परिणामांचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहोत.

भीतीच्या क्षणी शरीरात ॲड्रिनलिन हे द्रव्य स्रवते. ते निरनिराळ्या अवयवांवर निरनिराळा परिणाम का करते, याचा उलगडा अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली केला. पेशींवर या द्रव्याचा संदेश स्वीकारणारी जणू दोन प्रकारची दारे असतात, असे त्यांनी मांडले आणि त्यांना अल्फा व बीटा अशी नावे दिली. हृदयाची गती वाढविणारे दार बीटा प्रकारचे. ते अडवून धरले तर हृदयावरील ताण कमी होईल, हा विचार स्कॉटलंडचे डॉ. जेम्स ब्लॅक यांनी उचलला. १९५८ साली ते इंग्लंडमधील आय.सी.आय. या रसायन कंपनीच्या औषध विभागात रुजू झाले. त्यांचे पहिले औषध प्रोनेथॅलॉल. परंतु त्यामुळे उंदरांमध्ये गाठी उद्भवल्याचे आढळले आणि ते मागे पडले. त्याच्या जागी प्रोप्रानोलॉल आले. १९६४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्याची माहिती प्रसिद्ध झाली. या व अन्य संशोधनासाठी ब्लॅक यांना १९८८ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हे औषध निघाले ते हृदयशूळासाठी. चिंतेसाठी त्याचा उपयोग पुढे ध्यानात आला. १९६६ साली ग्रॅनव्हिल-ग्रॉसमन आणि टर्नर या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी चिंताग्रस्त रुग्णांना प्रोप्रानोलॉल देऊन पाहिले, तेव्हा धडधडीसारखी शारीरिक लक्षणे प्रामुख्याने कमी झाली. अमेरिकन तत्त्ववेत्ते विल्यम जेम्स यांनी १८८४ सालीच म्हटले होते की, आपण भितो म्हणून थरथरतो असे नव्हे, तर थरथरतो म्हणून आपणांस भीती जाणवते. ते सर्वस्वी खरे नसले तरी त्यात तथ्यांश होता. धडधडीनेच जो अधिक घाबरतो, त्याची धडधड थांबली की भीतीचे चक्रही मंदावते. मात्र चिंतेचे मूळ जेथे असते, तेथवर ही गोळी सहसा पोहोचत नाही.

पण बीटा प्रकारची ही दारे केवळ हृदयातच नसतात. श्वासनलिका मोकळ्या राखण्याचे कामही त्यांच्याच द्वारे चालते. त्यामुळे प्रोप्रानोलॉल दम्याच्या रुग्णाला घातक ठरू शकते, हा इशारा १९६४ सालीच मिळाला होता. मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील साखर एकाएकी उतरली की छातीत धडधडून व हात कापून शरीर तिला सावध करते. हे औषध तो सावधगिरीचा इशाराच दाबून टाकते. याखेरीज नाडी मंद होणे, हातपाय गार पडणे, थकवा, चक्कर, रात्री विचित्र स्वप्ने पडणे, या तक्रारी नेहमीच्याच. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम बंद केल्यास हृदयरोग्याला झटका येण्याचा धोका असतो, हे १९७५ साली अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिले. या गोळ्यांनी औदासीन्य येते, असा समज १९६७ पासून रूढ झाला होता. पुढील मोठ्या पाहण्यांनी मात्र त्याला दुजोरा दिला नाही. दुष्परिणामांच्या बाबतीत घाईने निष्कर्ष काढणे दोन्ही बाजूंनी चूक ठरते, हे यावरून दिसते.

या इतिहासातील सर्वांत दुःखद पर्व प्रॅक्टोलॉलचे. हे औषध आय.सी.आय.ने १९७० साली बाजारात आणले. ते मुख्यतः हृदयावरच काम करी, श्वासनलिकांना फारसा त्रास देत नसे. त्यामुळे ते अधिक सुरक्षित मानले गेले. १९७२ साली चिंतेच्या रुग्णांवरही त्याचा प्रयोग झाला आणि गुण आल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पण काही रुग्णांना, गोळ्या सुरू करून पुष्कळ दिवस लोटल्यावर, अंगावर खवलेदार पुरळ उठू लागले. डोळ्यांतील अश्रू आटले, डोळे खुपू लागले. काहींच्या बुबुळांना इजा होऊन दृष्टी गेली. काहींच्या पोटातील आवरण जाड होऊन आतडी आवळली गेली व त्यात मृत्यूही ओढवले. आधी जनावरांवर केलेल्या चाचण्यांत यांतले काहीच दिसले नव्हते. पुढे मुद्दाम केलेल्या चाचण्यांतही ते पुन्हा घडवून आणता आले नाही.

औषधांचे दुष्परिणाम कळविण्यासाठी ब्रिटनमध्ये १९६४ पासून पिवळ्या कार्डांची पद्धत होती. तरीही ही गोष्ट वेळीच लक्षात आली नाही. कारण उघड आहे. गोळी देणारा हृदयाचा डॉक्टर, डोळे तपासणारा दुसरा आणि त्वचा पाहणारा तिसरा. कोरडे डोळे ही तर उतारवयातील सामान्य तक्रार! १९७४ मध्ये त्वचेवरील परिणामांचे वृत्तांत आले आणि १९७५ च्या आरंभी लंडनचे नेत्रतज्ज्ञ पीटर राइट यांनी आपल्या रुग्णांच्या तक्रारींचा या गोळीशी असलेला संबंध जाहीर केला. त्यानंतर तशाच अहवालांची रीघ लागली. रुग्ण आधीही होते व तक्रारीही होत्या. मात्र त्यांची सांगड कोणी घातली नव्हती. त्याच वर्षी या गोळ्यांचा सर्वसाधारण वापर थांबविण्यात आला.

प्रोप्रानोलॉल आजही वापरात आहे आणि योग्य रुग्णास योग्य प्रमाणात दिल्यास ते उपकारकच आहे. परंतु ते निरुपद्रवी आहे या समजुतीने हातोहात दिले जाण्याचे भय असते. १९७७ साली तंतुवाद्य वाजविणाऱ्या कलावंतांची रंगमंचावरील भीती याच वर्गातील ऑक्सप्रेनोलॉलने उणावल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे वादकांमध्ये अशा गोळ्यांचा वापर बराच पसरला, आणि सहकाऱ्याकडून मागून घेण्याचे प्रकारही घडले. प्रमाणाबाहेर घेतल्यास हीच गोळी झपाट्याने प्राणघातक ठरते, याकडे इंग्लंडमधील आरोग्य-सुरक्षा तपास संस्थेला २०२० साली पुन्हा लक्ष वेधावे लागले.

परीक्षेच्या वा मुलाखतीच्या धास्तीने आपल्या घरांतूनही कोणी शेजाऱ्याची गोळी मागून घेत असेल, तर त्याला आम्ही एवढेच विचारू: तुला दमा आहे काय? मधुमेह आहे काय? तुझी नाडी कोणी पाहिली आहे काय? आणि आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना आमची विनंती आहे की, एखाद्या वृद्धाने नव्या त्रासाची तक्रार केली तर ‘वयोमानाने होतेच’ असे म्हणून ती उडवून लावू नये. उशाशी कोणती औषधे आहेत ते पाहावे, ती कधीपासून चालू आहेत ते विचारावे, आणि ती यादी त्याच्या डॉक्टरांपुढे ठेवावी. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. प्रॅक्टोलॉलच्या रुग्णांचे डोळे आटत होते, तेव्हा एवढी चौकशी वेळेवर झाली असती, तर त्यांतील कित्येकांची दृष्टी वाचली असती.