दाताची कीड अडवणारं फ्लोराईड : पेस्टमध्ये हवं, बोअरच्या पाण्यात जास्त नको

दाढ ठणकायला लागली की आधी लवंग, मग मेडिकलमधून गोळी आणि शेवटी तालुक्याला जाऊन दाढ काढायची, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. खरं तर कीड लागण्याआधीच ती अडवता येते. त्यासाठी सर्वात उपयोगी पदार्थ म्हणजे फ्लोराईड. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हेच फ्लोराईड बोअरच्या पाण्यातून जास्त प्रमाणात पोटात जातं आणि दात-हाडं खराब करतं. मग फ्लोराईड चांगलं की वाईट? ते किती आहे आणि दाताला लागतंय की पोटात जातंय, यावर सगळं अवलंबून आहे.

कीड म्हणजे अळी नव्हे

दातात कोणतीही अळी नसते. बाजारात कानातून किंवा दातातून 'कीड काढून' दाखवणारे लोक फसवतात. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या वरच्या कडक थरातलं, म्हणजे इनॅमलमधलं, कॅल्शियम विरघळवतं. आपली लाळ ही झीज हळूहळू भरून काढते. पण दिवसभर गोड चहा, बिस्कीट, चॉकलेट चालूच असेल तर लाळेला वेळच मिळत नाही आणि खड्डा पडतो.

फ्लोराईड इथे दोन कामं करतं. झीज लवकर भरून यायला मदत करतं आणि नवीन भरलेला थर आम्लाला सहज दाद देत नाही. मात्र एकदा खड्डा पडला की पेस्टने तो बुजत नाही. तिथे डॉक्टरच लागतात.

पेस्ट किती आणि कशी वापरायची?

• ट्यूबवर फ्लोराईडचं प्रमाण 'पीपीएम'मध्ये लिहिलेलं असतं. साधारण १००० पीपीएमची पेस्ट चालते. त्यासाठी महागडी पेस्ट घ्यायची गरज नाही.
• ३ वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीतल्यासारखी पूर्ण ब्रशभर नको.
• लहान मुलं पेस्ट गिळतात. म्हणून घासताना मोठ्या माणसाने जवळ थांबावं आणि थुंकायला लावावं.
• दिवसातून दोनदा घासावं. त्यात रात्रीची वेळ चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते.
• घासल्यावर फेस थुंकून टाका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका. थोडं फ्लोराईड दातावर राहू द्या.

राखेने, विटेच्या भुकटीने इनॅमल घासलं जातं. मिश्री तर तंबाखूच आहे. तिने कीड थांबत नाही, उलट सवय लागते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

दंत डॉक्टरकडे काय मिळतं?

फ्लोराईड वार्निश : जास्त फ्लोराईड असलेला चिकट लेप दातांना ब्रशने लावतात. इंजेक्शन नाही, दुखणं नाही. साधारण ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा लावावा लागतो.

सीलंट : दाढेवरच्या खोल खाचांत अन्न अडकतं आणि ब्रशचे केस तिथे पोचत नाहीत. त्या खाचा पातळ लेपाने बुजवतात. दाढ कोरावी लागत नाही.

ग्लास आयोनोमर सिमेंट : हे भरण स्वतःहून थोडं थोडं फ्लोराईड सोडतं. हातातल्या अवजाराने कीड साफ करूनही ते भरता येतं, म्हणून वीज नसलेल्या ठिकाणी शिबिरातही उपयोगी पडतं.

सिल्व्हर डायमाइन फ्लोराईड : लहान मुलं कोरू देत नाहीत, तेव्हा हे औषध लावून कीड वाढायची थांबवतात. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधी समजून घ्या.

एक गोष्ट आईवडिलांनी लक्षात ठेवावी. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे नवीन दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. पण ती कायमची असते. सीलंट लावायचं असेल तर ती पूर्ण वर आली की लगेच विचारा.

पाण्यात फ्लोराईड जास्त असेल तर?

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. यापेक्षा जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्याने फ्लोरोसिस होतो. मुलांच्या कायमच्या दातांवर पांढरे खडूसारखे पट्टे, मग पिवळे-तपकिरी डाग दिसतात. ते घासून जात नाहीत. पुढे मोठ्या माणसांची पाठ, मान, गुडघे आखडतात. हाडांचं हे नुकसान भरून येत नाही, म्हणून वेळीच पाणी बदलणं हाच उपाय.

फ्लोराईडला चव, रंग, वास नसतो. त्यामुळे पाणी तपासल्याशिवाय कळत नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराईड तेवढंच राहतं. टीसीएल पावडरने जंतू मरतात, फ्लोराईड जात नाही. आरओमुळे ते कमी होतं. गावात कमी फ्लोराईडची विहीर किंवा नळाचं पाणी असेल तर निदान पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी तेच वापरावं.

अशा गावांत लहान मुलांच्या पेस्टबद्दल दंत डॉक्टरांना विचारावं. मोठ्यांनी पेस्ट सोडायचं कारण नाही. ती थुंकली जाते, पाणी मात्र रोज पोटात जातं.

आता काय करायचं?

१. बोअरच्या पाण्याचा फ्लोराईड अहवाल ग्रामपंचायतीत जलसुरक्षक किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे मागा. तपासणी झालेली नसेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगा.
२. अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेव्हा मुलांचे दातही दाखवा.
३. दातावर काळा ठिपका दिसला की दुखायची वाट बघू नका. ठिपका असताना काम छोटं असतं. ठणका सुरू झाला की खर्च वाढतो आणि बऱ्याचदा दाढच काढावी लागते.