गळू पुन्हा का उठते? नाकात दडलेल्या एका जिवाणूचा इतिहास

एक केसतोड बरे होते, महिनाभराने दुसरे उठते. पुढे घरातील आणखी कोणाला. ‘रक्त बिघडले आहे’ हे आपल्याकडील जुने निदान. खरे उत्तर मात्र रक्तात नव्हे, नाकात होते.

१८८० साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. ठणकणाऱ्या, लाल गळवांत त्यांना गोल जिवाणू दिसले. शीत गळवांत ते नव्हते. द्राक्षांच्या घोसासारख्या त्यांच्या रचनेवरून ग्रीक शब्दाच्या आधारे त्यांनी ‘स्टॅफिलोकोकस’ हे नाव दिले. १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी सोनेरी वसाहतींवरून त्याला ‘ऑरियस’ हे विशेषण जोडले. कारण कळले, पण पुनरावृत्तीचे कोडे तसेच राहिले. वारंवार गळवे होणाऱ्यांच्या नाकपुड्यांत हाच जिवाणू वस्तीला असतो, हा संबंध १९३१ साली डानबोल्ट यांनी दाखवला.

मग पेनिसिलिन आले. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली त्याचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा जगभरातील अनेक रुग्णालयांत स्टॅफिलोकोकस त्याला दाद देईनासा झाला होता. ‘८०/८१’ या वाणाने तर नवजात बालकांचे कक्ष पछाडले होते.

येथे या इतिहासातील सर्वांत धाडसी प्रयोग घडला. अमेरिकेतील हेन्री शाइनफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की ज्या बाळांच्या नाकात आधीच दुसरा स्टॅफिलोकोकस रुजलेला असे, त्यांच्यात ८०/८१ सहसा शिरकाव करू शकत नसे. जागा आधीच व्यापलेली! त्यांनी ‘५०२ए’ हा सौम्य वाण मुद्दाम बाळांच्या नाकात आणि नाळेवर लावला, आणि साथी आटोक्यात आल्या. वारंवार गळवे होणाऱ्या कुटुंबांतही हाच उपाय झाला: आधी प्रतिजैविकांनी नाक स्वच्छ करायचे, मग ५०२ए पेरायचा. अनेकांची गळवे थांबली. परंतु सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. याच वाणाने एका बालकाचा मृत्यू झाल्याची नोंद १९७२ साली प्रसिद्ध झाली. पद्धत मागे पडली. कल्पना मात्र चुकीची नव्हती, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दरम्यान १९६१ मध्ये इंग्लंडमधून मेथिसिलिनलाही न जुमानणाऱ्या वाणांची नोंद झाली. भारतातील पंधरा केंद्रांच्या २००८-०९ मधील पाहणीत स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या नमुन्यांपैकी सुमारे ४१ टक्के असे होते. म्हणूनच गळू पुन्हा उठल्यावर मागची चिठ्ठी दाखवून तीच गोळी घेणे घातक ठरते. पुवाचा निचरा करून तो संवर्धनासाठी पाठवणे, कोणते औषध लागू पडते ते पाहणे, रक्तातील साखर तपासणे, हा आजचा क्रम. त्यानंतर वैद्यकीय सल्ल्याने नाकात म्युपिरोसिनचे मलम आणि क्लोरहेक्सिडीनचे स्नान. टॉवेल, वस्तरे प्रत्येकाचे वेगळे. एकट्या रुग्णाऐवजी सर्व घराने हे उपचार एकाच वेळी केल्यास पुनरावृत्ती कमी होते, असे अमेरिकेतील २०१२ च्या चाचणीत आढळले. म्युपिरोसिनलाही प्रतिकार होतो, त्यामुळे ते सरसकट लावत राहणे बरे नव्हे.

या कथेत आपला उपखंडही आहे. ‘बंगालचा उपसागर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एसटी७७२ या बहुऔषधरोधी वाणाचे मूळ भारतीय उपखंडात असल्याचे २०१९ मध्ये जनुकीय अभ्यासाने दाखवले. प्रवाशांबरोबर तो देशोदेशी गेला, आणि तेथेही घराघरांत एकाकडून दुसऱ्याकडे पसरला.