देवगडचे गोंड-मुस्लिम राजघराणे : गोंदिया जिल्ह्यातील वारसा

सातपुड्यातील देवगड (आता मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात) येथून सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून राज्य करणारे राजगोंड घराणे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या घराण्यातील राजांनी इस्लाम स्वीकारला. मोगल साम्राज्याचे मांडलिक म्हणून आणि पुढे जवळजवळ स्वतंत्रपणे त्यांनी वैनगंगेच्या खोऱ्यावर अंमल बसवला. आजच्या भंडारा व गोंदिया जिल्ह्यांचा बराचसा भाग त्यात मोडत असे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्याआधीच्या गॅझेटिअरांत आणि इतिहासग्रंथांत इथली स्थळे भंडारा जिल्ह्याखाली शोधावी लागतात.

घराण्याचा पहिला ठळक राजा जाटबा. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त त्याच्या पदरी २,००० घोडेस्वार, ५०,००० पायदळ आणि शंभरावर हत्ती असल्याचे नोंदवले आहे. अकबराच्या दरबाराला या जंगली मुलखाचे महत्त्व वाटले ते मुख्यतः हत्तींमुळे, आणि पुढची शंभर वर्षे मोगलांचे देवगडशी संबंध खंडणी आणि हत्ती याच दोन गोष्टींभोवती फिरत राहिले. १६३७ मध्ये शाहजहानचा सेनापती खान-इ-दौरान याने खंडणीसाठी नागपूरचा किल्ला घेतला. १६६७ मध्ये दिलेरखान चांदा आणि देवगडवर चालून आला. खंडणी थकली की फौज यायची आणि राजाला तह करावा लागायचा. १६७० च्या सुमारास राजाने धर्मांतर केले, त्याला इस्लामयारखान हे नाव मिळाले आणि देवगडचे इस्लामगड झाले. १६८६ मध्ये गादीसाठी औरंगजेबाचे साहाय्य मागणाऱ्या वारसाने इस्लाम स्वीकारून बख्त बुलंद हे नाव घेतले. पाच वर्षांतच त्याची गादी गेली, तेव्हा त्याने बंड केले. चिडलेल्या बादशहाने यापुढे त्याला ‘निगून बख्त’, म्हणजे फुटक्या नशिबाचा, असे लिहावे, असा हुकूम काढला. बख्त बुलंद मात्र पुरून उरला. १७०२ मध्ये बारा खेडी एकत्र करून त्याने नागपूर वसवले. त्याचा वारस चांद सुलतान याने राजधानी तिथे नेली, शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला.

धर्मांतर झाले तरी घराणे गोंडच राहिले, आणि नागपुरात त्याचे वंशज पुढेही ‘गोंड राजा’ म्हणूनच ओळखले गेले. त्यांना केवळ मुसलमान ठरवून आदिवासी इतिहासातून वगळणे, किंवा केवळ गोंड म्हणून मिरवताना त्यांचा इस्लाम झाकणे, हे दोन्ही या राजांवर अन्याय करणारे आहे. ते दोन्ही होते, आणि पूर्व विदर्भातला त्यांचा वारसा नीट पाहायचा तर हे मान्य करूनच पाहावे लागते.

वास्तूंच्या बाबतीत गोंदिया जिल्ह्यात मोठ्या अपेक्षेने गेलेल्या माणसाची निराशा होण्याचा संभव आहे. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यासारखा घुमट इथे नाही. दरबारी थाटाचे बांधकाम पाहायचे तर देवगडला जावे : तिथे नगारखाना, बादल महाल आणि मोती टाके आहे. मोगली पद्धतीच्या कमानी डोंगरी किल्ल्यात कशा बसवल्या गेल्या, ते तिथे दिसते. वैनगंगेच्या खोऱ्यात घराण्याने बांधली ती सरहद्द. आंबागड (तुमसरजवळ), सानगडी (साकोली तालुका) आणि प्रतापगड (अर्जुनी मोरगाव तालुका, गोंदिया जिल्हा) ही ठाणी एकत्र पाहिली तर त्यांचा हेतू कळतो. महसूल गोळा करायचा, पूर्वेकडून आणि दक्षिणेकडच्या चांद्याच्या राज्याकडून येणाऱ्या वाटा राखायच्या आणि घनदाट जंगलातही अंमल दिसत ठेवायचा.

या ठाण्यांशी राजखान या पठाण सरदाराचे नाव जोडलेले आहे. बख्त बुलंदने त्याला सिवनीकडच्या डोंगरताल तालुक्याचा कारभार दिला. त्याने सानगडी आणि प्रतापगड जिंकले आणि ते त्याच्याच ताब्यात राहिले. आंबागडचा किल्लाही १७०० च्या सुमारास त्यानेच बांधल्याचे सांगितले जाते. त्याच्यामागून मुलगा महंमदखान आला. १७४३ मध्ये मराठा सरदार रघूजी भोसल्यांनी देवगडचे राज्य घेतले, तेव्हा महंमदखानाने धन्याशी इमान राखून सानगडीचा किल्ला तीन वर्षे झुंजवला. त्याच्या शौर्यावर खूश होऊन रघूजींनी त्याला सानगडी सोडण्याच्या बदल्यात दिवाण या किताबासह सिवनीचा मुलूख देऊ केला. तो त्याने स्वीकारला आणि छपाऱ्याला राहू लागला. या घराण्यातल्या महंमद अमीनखानाने १७७४ मध्ये ठाणे सिवनीला हलवले. अठराव्या शतकातल्या मराठा राजवटीकडे धर्माच्या एकाच चष्म्यातून पाहणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा : मराठा सेनासाहेबसुभा रघूजी, पठाण किल्लेदार आणि मधे गोंड राजाशी राखलेले इमान.

प्रतापगड आज पडक्या तटाच्या अवशेषांचा, झाडीत बुडालेला डोंगर आहे. जवळच गोठणगावचे इटियाडोह धरण. पण हा डोंगर ओस पडलेला नाही. महाशिवरात्रीला इथे महादेवाची मोठी यात्रा भरते आणि त्याच परिसरात ख्वाजा उस्मान हारूनी यांच्या नावाचा दर्गा आहे. चिश्ती परंपरेत हे नाव अजमेरच्या ख्वाजा मोइनुद्दीन यांच्या गुरूंचे. दोन्ही श्रद्धांचे लोक एकाच डोंगराच्या वाटेने येतात. दर्गा या राजांनी उभारला, असे म्हणायला आधार नाही आणि तसे म्हणायची गरजही नाही. गोंड राजे, पठाण किल्लेदार आणि त्यांच्यामागून आलेले भोसले यांच्या काळात या मुलखात जी सरमिसळ झाली, तिच्यातच असे शेजार रुजले. प्रतापगडाच्या दगडांपेक्षा हे मोलाचे आहे.

बख्त बुलंदचे सर्वांत टिकाऊ काम लोकवस्तीचे. मोगल दरबार पाहून आलेल्या या राजाने हिंदू-मुसलमान असा भेद न करता शेतकरी, कारागीर आणि सैनिक आपल्या मुलखात बोलावले, जंगल तोडून शेती वाढवली. पोवार समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज धारहून रामटेकजवळच्या नगरधनला आले, तिथून आंबागड आणि चांदपूरकडे सरकले आणि मग वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरले. पुढे भोसल्यांच्या कटक मोहिमेत केलेल्या चाकरीबद्दलही त्यांना जमिनी मिळाल्या. आज गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव या तालुक्यांतली भातशेती आणि पोवारी बोली यांच्यावर या समाजाची ठसठशीत मुद्रा आहे. हे सारे श्रेय एका राजाचे नाही, पण वैनगंगेचा हा मुलूख बाहेरच्या कष्टकऱ्यांना खुला झाला तो देवगडच्या काळात.

या वारशाला मर्यादाही आहेत. राजाने धर्म बदलला तरी गोंड प्रजेचा धर्म बदलला नाही. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांत माघ पौर्णिमेला भरणारी कोया पूनेम यात्रा, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांची तिथली आराधना, यांचा देवगडच्या दरबाराशी संबंध नाही. ती परंपरा स्वतःच्या पायावर उभी आहे. जिल्ह्याची ओळख असलेल्या तलावांबाबतही असेच म्हणावे लागते. ‘गोंड राजांचे तलाव’ असे सरसकट बोलले जाते. गोंड राजवटींनी तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क दिले, हे खरे. पण उतार ओळखून दोन टेकड्यांमध्ये मातीची पाळ घालणे, सांडवा काढणे, पाटाने भाताला पाणी फिरवणे ही विद्या कोहळी समाजाची. नवेगावचा बांध लोकपरंपरा कोलू पाटील कोहळी यांच्या नावावर सांगते, कोणा राजाच्या नाही.